शेवटच्या चाळीस ओळी

मित्रांनो, माझ्याविषयी लिहिलेली तीनशे बावन्न पत्रे आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत मला शिव्या आहेत. मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, संगणकाची. तुम्ही संगणकाचे बटण दाबता आणि पडदा उजळतो, त्या मधल्या अर्ध्या मिनिटात प्रत्येक प्रोग्रामला कोणीतरी क्रमाने उठवावे लागते. आधी डिस्क तपासायची, मग घड्याळ लावायचे, मग नेटवर्क, मग बाकीची मंडळी. घड्याळाच्या आधी नोंदी ठेवणारा उठला, तर सगळ्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. नेटवर्कच्या आधी टपालवाला उठला, तर तो बंद दारावर थापा मारून मारून मरतो. हे उठवण्याचे काम मी सतरा वर्षे केले.

माझ्या एकूण ओळी तीनशे अकरा. त्यांतल्या पहिल्या दोनशे एकाहत्तर ओळी सुरू करण्याच्या आणि शेवटच्या चाळीस बंद करण्याच्या. लोक भांडले ते पहिल्या भागावरून. नुकसान झाले ते शेवटच्या भागामुळे.

मला लिहिणारा माणूस पोटापाण्यासाठी उपकरणे दुरुस्त करायचा. बियाणे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ होता. खिशात कायम दहा नंबरचा पाना असायचा, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. प्रयोगशाळेतले संगणक ज्या प्रणालीवर चालत, ती ओपन सोर्स होती. म्हणजे तिचा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, आणि पगार न घेता काम करणारे लोक ती सांभाळतात. पाना त्या लोकांपैकी एक होता. मेलिंग लिस्टवर, म्हणजे ज्या पत्रव्यवहारात हे सगळे लोक एकमेकांशी बोलत तिथेही, तो पाना याच नावाने लिहायचा.

त्याने मला नीट लिहिले, पण मुक्याने लिहिले. कोडमधल्या ओळीशेजारी ती का लिहिली हे साध्या भाषेत लिहिण्याची सोय असते. संगणक ते वाचत नाही, ते माणसांसाठी असते. पानाने माझ्यात असा एक शब्दही ठेवला नाही. कोणी विचारले तर म्हणायचा, "ज्याला कळायचं त्याला कळतं." हा त्याचा ताठा होता. तेव्हा मला तो आवडायचा, हेही सांगून टाकते.

पानाची बायको त्याच प्रयोगशाळेत संशोधक होती. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईच्या हाताखाली चोवीस लहान वजनकाटे होते आणि प्रत्येक काट्यावर एकेक बी. डोंगरकपारीतल्या एका झुडपाचे हे बी दोन-दोन वर्षे झोपून राहते. मग एके दिवशी पाणी शोषू लागते, फुगते आणि आठवड्याभरात रुजते. ते कशाने जागे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. ताईला पाणी शोषायला लागल्यापासून अंकुर फुटेपर्यंतची वजनाची संपूर्ण रेषा हवी होती, एकही नोंद न गाळता. त्यासाठी एक प्रोग्राम दर दहा मिनिटांनी चोवीस वजने टिपत होता. तिच्या नोकरीची मुदत वाढणे न वाढणे त्या एका रेषेवर अवलंबून होते. सव्वीस महिने झाले होते. घरात जेवताना पानाचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "उठले का ग तुझे कुंभकर्ण?" आणि ताईचे उत्तरही ठरलेले, "तुझ्यापेक्षा लवकर उठतील."

आता त्या धाकट्याविषयी. शिकत असताना तो चार वर्षे बहिणीकडेच राहिला. त्याला पहिला संगणक पानाने सुट्या भागांतून जोडून दिला. पहिली आज्ञा, पहिली चूक, पहिले यश, सगळे त्याने माझ्याच समोर केले. म्हणून त्याचा मला अधिक राग आहे. परक्याने नावे ठेवली तर एक वेळ चालते.

त्याने एक नवा प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले मुकादम. मुकादम सगळ्यांना एकदम उठवायचा, ज्याचे त्याचे काम वाटून द्यायचा, कोणी मधेच कोसळला तर त्याला पुन्हा उभा करायचा. मी अठ्ठावीस सेकंदांत करायची ते काम तो सहा सेकंदांत करायचा. हे खरे आहे. मी मोजले आहे, आणि मोजण्यात मी खोटेपणा करत नाही. धाकट्याने मेलिंग लिस्टवर पत्र टाकले, की जुनी स्क्रिप्ट काढून मुकादमाला घ्यावे.

आणि वणवा पेटला. पाच महिने चालला. "ही स्क्रिप्ट नव्हे, ठिगळांना शिवलेला सदरा आहे." "मुकादम म्हणजे सगळ्या घराच्या किल्ल्या एकाच नोकराच्या हातात." "ज्यांना वेग हवा त्यांनी शर्यतीत पळावे." "ज्यांना जुनेच हवे त्यांनी संग्रहालयात जावे." दोन माणसे वीस वर्षांचे काम टाकून निघून गेली. एकाने जाताना बाकीच्यांच्या खानदानाचा उल्लेख केला. मला वाचून कोणी नाव ठेवले असते तर मी ऐकून घेतले असते. पण पत्रे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी मला शेवटपर्यंत उघडून पाहिले, याची नोंद प्रणालीत राहते. सात जणांनी. त्यांत धाकटा नव्हता.

माझ्याविरुद्ध एक तक्रार रास्त होती. बंद होताना मी वेळ लावायची. एखादा प्रोग्राम अडकून बसला की मी त्याच्यासाठी थांबून राही, कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास. धाकट्याने लिहिले, "निघायची वेळ झाली की ही म्हातारी दारात चपला शोधत बसते. मुकादम नव्वद सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात आवरले नाही, तर हात धरून बाहेर." या पत्राला हसणारी एकोणतीस उत्तरे आली. पानाने उत्तर दिले, "ज्याचे ओठ पिळले तर अजून दूध निघेल, त्याने मला यंत्र बंद करायला शिकवू नये." त्यालाही हसणारे मिळाले.

मी का थांबायची, हे पानाने त्या पत्रात लिहिले नाही.

दर रविवारी धाकटा बहिणीकडे जेवायला यायचा. ती वहिवाट भांडणातही मोडली नाही. टेबलाच्या कडेला पानाचा संगणक उघडा असायचा आणि ही प्रणाली असलेल्या प्रत्येक यंत्रासारखी त्यातही मी, त्यामुळे मला सगळे ऐकू येई.

"भावजी, कालचं माझं पत्र वाचलंत?"

"वाचलं. शुद्धलेखन सुधारलंय तुझं."

"मुद्द्यावर बोला."

"मुद्दा दिसला असता तर बोललो असतो, मेहुणेबुवा."

"सतरा वर्षं एकच स्क्रिप्ट कुरवाळत बसलात. तिच्या बाहेर जग आहे."

"त्या जगात तुला कोणी बोट धरून नेलं, ते विसरलास वाटतं."

"हे आलंच. दर वेळी शेवटी हेच येतं," धाकटा म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

ताई म्हणाली, "बस खाली. ताटातलं संपव. आणि तू, त्याला टोचणं बंद कर. माझ्या प्रयोगशाळेतलं मशीन तुमच्या या लिस्टवरच चालतं ना? मला एवढंच सांगा, त्याला काही होणार नाही ना?"

"काय व्हायचंय?" दोघे एकदम म्हणाले. त्या महिन्यात त्यांचे एकमत झालेली ही एकच गोष्ट.

मतदान झाले. एक्केचाळीस मते मुकादमाला, अडतीस मला. पानाने एका ओळीचे पत्र लिहिले, की मी या कामातून मुक्त होत आहे. मग त्याने मेलिंग लिस्टमधून स्वतःचे नाव काढून टाकले. सतरा वर्षांत त्याने ते एकदाही काढले नव्हते, तापात असतानाही नाही.

आता इथे या लोकांची एक रीत सांगायला हवी. मतदान झाले तरी बदल लगेच लागू होत नाही. सात दिवस तो सगळ्यांसमोर ठेवतात. कोणाला काही धोका दिसला तर त्याने लिहायचे. सात दिवसांत कोणी काही बोलले नाही, तर गप्प राहणे म्हणजे होकार. ही रीत चांगली आहे. माणसे एकमेकांशी बोलतात असे गृहीत धरून ती केलेली आहे.

त्या सात दिवसांतच, महिन्याच्या आठ तारखेला, ताईच्या नवव्या काट्यावरच्या बियाचे वजन वाढले. एका मिलिग्रॅमच्या दशांशाने. दुसऱ्या दिवशी आणखी अकरा बिया फुगू लागल्या. ताई घरी आली ती चपलांसकट आत आली.

"उठले," ती म्हणाली.

पानाने हातातले काम टाकले, तिला खुर्चीत बसवले आणि स्वतः चहा केला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणीतरी हसताना मला ऐकू आले.

सहाव्या दिवशी जेवताना ताईने त्याला विचारले, "उद्या तुमची मुदत संपते ना? काही राहून गेलं असेल तर सांग त्याला. तुझ्याएवढं ते कोणाला माहीत आहे?"

"त्याला वाचता येतं."

"म्हणजे राहिलंय काहीतरी."

"अगं, तीनशे अकरा ओळी आहेत. उघड्या पडल्यात. चारचौघांत स्क्रिप्टला म्हातारी-बितारी म्हणायला वेळ होता, तर वाचायलाही असेल. पडू देत एकदा तोंडावर, मग येतील विचारत."

"कोण पडेल तोंडावर?"

"ज्याला घाई आहे तो."

ताई ताटे उचलू लागली.

मित्रांनो, मी त्याच खोलीत होते. मला शेवटच्या चाळीस ओळी पाठ होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्याच प्रयोगशाळेत एका संशोधकाची फाइल अर्धी लिहून तुटली होती, आणि पानाने दोन रविवार बसून त्या ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ इतकाच, की जो प्रोग्राम डिस्कवर काही लिहीत असेल, त्याचे लिहून होईपर्यंत थांब, कितीही वेळ लागो. मला बोलता येत नाही हे खरे. पण खोटे कशाला बोलू? पानाचे ते बोलणे ऐकून मला बरे वाटले. पडू देत, असे मलाही वाटले.

पानाच्या रागात एक गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ निघून गेली. माझ्यातला प्रत्येक बदल आधी खऱ्या यंत्रावर चालवून पाहावा, म्हणून त्याने फार पूर्वी ताईच्या यंत्राचे नाव चाचणीच्या रांगेत घातले होते. जगात कुठेही पोहोचण्याआधी नवा बदल त्या यंत्रावर आपोआप येई. दर वेळी लिस्टवरून पानाला सूचना येई आणि तो यंत्रावर नजर ठेवी. आता त्याचे नाव लिस्टवर नव्हते.

पंधरा तारखेला, रविवारी भर दुपारी, अपडेट आले. प्रयोगशाळेत कोणी नव्हते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे होते. बंद करण्याचे ते काम माझे शेवटचे. वजनाचा प्रोग्राम जुना आणि हट्टी होता. बंद होताना तो सव्वीस महिन्यांची मोठी फाइल पुसून नव्याने लिहून काढायचा. मी चार मिनिटे दहा सेकंद थांबले. त्याने झाले म्हटल्यावर मी दिवा मालवला. यंत्र पुन्हा उठले तेव्हा मुकादम कामावर होता, आणि मला 'जुने' नावाच्या एका फोल्डरमध्ये टाकलेले होते. सहा सेकंद, अगदी ठरल्याप्रमाणे.

वीस तारखेला इमारतीचा वायरमन आला. मीटरचा बोर्ड बदलायचा होता, दहा मिनिटांसाठी वीज जाणार होती. ताईला त्याची काळजी नव्हती. यंत्राला बॅटरी होती, ती पंधरा मिनिटे टिकायची. तरी खबरदारी म्हणून तिने, वर्षानुवर्षे करत आली होती तशी, यंत्र बंद करण्याची आज्ञा दिली आणि बियांच्या कपाटाचे दार नीट लागले आहे का ते पाहायला शेजारच्या खोलीत गेली. प्रोग्रामने फाइल पुसली आणि पहिल्या दिवसापासून लिहायला घेतली. मुकादमाने नव्वद सेकंद मोजले आणि त्याला हात धरून बाहेर काढले.

वीज आली. ताईने फाइल उघडली. ती दहाव्या महिन्यात एका आकड्याच्या मधोमध संपत होती.

तिच्याकडे दुसरी प्रत होती, पण ती दर महिन्याच्या एक तारखेला काढलेली. मधले एकोणीस दिवस कुठेच नव्हते. आणि बिया जाग्या झाल्या होत्या त्याच दिवसांत. काट्यांवर त्या दिसत होत्या, दोन-दोन मिलिमीटरचे पांढरे टोक बाहेर काढून. त्या कशा जाग्या झाल्या, हे आता कोणालाही सांगता येणार नव्हते.

तिने दोघांना बोलावले. पाना वरच्याच मजल्यावर होता, तो दोन मिनिटांत आला. पडद्यावरचा तुटलेला आकडा पाहिला आणि त्याचा हात नकळत खिशातल्या पान्याकडे गेला, जणू काही आवळायचे होते. धाकटा अर्ध्या तासाने पोहोचला.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं, की ती थांबायची ती याच्यासाठी," तो म्हणाला. मग पानाकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं. सात दिवस होते, भावजी. एक ओळ लिहिली असती."

"तू एकदा उघडून बघितलं असतंस तर—"

"तुम्ही कारण लिहिलंत कुठे? बघून काय कळणार होतं मला? त्याच ओळी फिरत राहतात आणि ती थांबते, एवढंच."

"विचारायला तोंड नव्हतं?"

"तुमचं होतं?"

"पुरे," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे पाच महिने ऐकलंय मी. पाठ झालंय. सरका, मला बसू द्या."

ती संगणकासमोर बसली, रात्रीपर्यंत लिस्टवरची जुनी पत्रे वाचली आणि मग तिने मेलिंग लिस्टला पत्र लिहिले. तिचे ते पहिले आणि एकुलते एक पत्र. मी ते इथे जसेच्या तसे देते.

"तुमची सगळी पत्रे मी आज वाचली. जुनी स्क्रिप्ट बंद होताना थांबते म्हणून हसणारी एकोणतीस पत्रे आहेत. ती का थांबते असे विचारणारे एकही नाही. ज्याला उत्तर ठाऊक होते त्याने ते दिले नाही. तो माझा नवरा आहे. हसणाऱ्यांत जो पहिला, तो माझा भाऊ आहे. प्रत महिन्यातून एकदाच काढत होते, हा दोष माझा. सव्वीस महिन्यांची रेषा आज गेली. मी नव्या बिया काट्यावर ठेवणार आहे. त्याआधी मला हे यंत्र नीट करून हवे आहे. कोणाची बाजू बरोबर होती, हे मला कोणीही कळवू नये."

तरीही सोळा जणांनी कळवले.

मग तिने सगळ्यात लांब टेबल मोकळे केले. एका बाजूला पाना, दुसऱ्या बाजूला धाकटा, मधे स्वतः वही घेऊन. माझी छापील प्रत धाकट्याच्या हातात दिली.

"मोठ्यानं वाच. एकेक ओळ." मग ती पानाकडे वळली. "तू कारण सांग. मी लिहिते."

"सगळ्या तीनशे अकरा?" धाकट्याने विचारले.

"तुला कुठे जायचंय?"

तीन दिवस, रोज दुपारी ते बसले. मित्रांनो, सतरा वर्षांत मला कोणी मोठ्याने वाचले नव्हते. धाकटा चिडून वाचायचा, पाना भिंतीकडे पाहून उत्तर द्यायचा. एकदा पाना म्हणाला, "ही ओळ मूर्खासारखी लिहिलीय मी," आणि धाकटा म्हणाला, "हो, लिहिलीत खरी." एकदा धाकटा एका ओळीवर अडला, त्याने ती दोनदा वाचली आणि हळूच म्हणाला, "हे मला सुचलं नसतं." पानाने ऐकले न ऐकल्यासारखे केले. यात समेट वगैरे काही नव्हता. ताई उठून गेली की दोघे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसत.

तिसऱ्या दिवशी दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर गाडी थांबली. त्या ओळीत मी पुढे जाण्याआधी दोन सेकंद थांबते. शेवटच्या चाळीसांतलीच ती.

"कारण?" ताईने विचारले.

पानाने कागद स्वतःकडे ओढून पाहिला, पुन्हा ठेवला.

"काहीतरी होतं तेव्हा. नक्की होतं." मग तो म्हणाला, "मला आठवत नाही."

मी वाट पाहत होते, धाकटा आता हसेल. तो हसला नाही. "काढून टाकू?" एवढेच त्याने विचारले.

"नको," ताई म्हणाली. "राहू दे. आणि शेजारी तसंच लिहिते, की लिहिणाऱ्याला आठवत नाही. पुढची वाच."

धाकट्याने मुकादम दुरुस्त केला. आता लिहिणाऱ्याचे लिहून होईपर्यंत तो थांबतो, आणि माझ्या चाळीस ओळींची कारणे त्याच्या पोटात साध्या शब्दांत लिहिलेली आहेत. मी 'जुने' फोल्डरमध्येच आहे. कोणी मला परत बोलावले नाही आणि बोलावणारही नाही. ताईची मुदत एका वर्षाने वाढली. तिला लागतील सव्वीस महिने. पुढचे काय ते तिने कोणाला सांगितलेले नाही. रविवारी धाकटा जेवायला येतो. तो आणि पाना एकमेकांशी मोजके बोलतात, आणि मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही.

मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. जुने टाकायचे असेल तर खुशाल टाका, जुने झाले म्हणून कोणी शहाणे होत नसते. मात्र टाकण्याआधी ते मोठ्याने वाचा, आणि ज्याने लिहिले तो हयात असेल तर त्याला समोर बसवून वाचा. आणि मित्रांनो, ज्याने लिहिले ते तुम्हीच असाल, तर तुमचा कितीही अपमान झालेला असो, सातवा दिवस संपण्याआधी बोला.

ताईच्या काट्यांवर नव्या चोवीस बिया आहेत. आज एकोणसाठावा दिवस आहे. दहा मिनिटांपूर्वी वजने टिपली गेली. एकही वाढलेले नाही.